रेघेची बाहेरची कड

फक्कीमास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं असेल तर ते एकट्या धाकट्या भावाला, आणि त्याचाच त्यांना पुढे सगळ्यात जास्त पस्तावा झाला. मास्तर ही पदवी शाळेतल्या पोरांनी दिलेली. नोकरीच्या कागदावर ते शिपाई होते. काम मैदान राखायचं. गवत कापायचं, गोलाच्या जाळ्या बांधायच्या आणि मॅचच्या आदल्या दिवशी पांढऱ्या फक्कीनं रेघा मारायच्या. पण तीस वर्षं फक्कीचं डबडं हातात धरून मैदानाच्या मधोमध उभा राहणारा माणूस कडक दिसतोच. ताज्या रेघेवर कुणी पाय ठेवला की मास्तर लांबूनच असे बघायचे की पोरगं जागच्या जागी गार पडायचं. शिकवणाऱ्या मास्तरांना शाळेत एवढा धाक जमला नव्हता.

गोलाच्या रेघेपासून अकरा मीटरवर पेनल्टी मारायचा जो ठिपका असतो, त्यावर त्यांचा सगळा अभिमान उभा होता. टेप त्यांना लागतच नसे. रेघेच्या मैदानाकडच्या कडेला टाच टेकवायची, चौदा पावलं टाकायची, शेवटी एक पाऊल आडवं ठेवायचं आणि वाकून खूण करायची. मागाहून मोजलं तर अकरा म्हणजे अकरा. बाहेरगावचे पंच आले की मास्तर हे मुद्दाम करून दाखवायचे. टेपचं टोक स्वतः रेघेवर धरायचे आणि पंचांना पलीकडे ठिपक्यापाशी आकडा वाचायला लावायचे. पंच मान डोलवायचे. खेळाचे सर, म्हणजे शाळेतले मास्तरांचे साहेब, शेजारी उभे राहून असा चेहरा करायचे की जणू ते पाय त्यांनीच घडवलेत.

धाकटा बारा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, तेव्हा त्याला शाळेत घातलं ते मास्तरांनी, नापास झाल्यावर चोपलं मास्तरांनी, आणि शेवटी मैदानावर हाताशी घेतलं तेही मास्तरांनीच. सुतळी कशी ताणायची, कोपरा काटकोनात आहे की नाही ते कसं बघायचं, वाऱ्याच्या दिवशी फक्की कुठल्या बाजूनं सोडायची, सगळं दाखवलं. मग एके दिवशी परदेशातल्या मैदानांसाठी माणसं शोधत फिरणारा एक गृहस्थ शाळेत आला. त्यानं रेघा पाहिल्या आणि मास्तरांनाच विचारलं, येता का? मास्तरांनी छाती फुगवून सांगितलं, की माझ्यावाचून या मैदानाचं पान हलत नाही, हवं तर धाकट्याला न्या. हे वाक्य त्यांना पुढे सात वर्षं घशात अडकलेल्या काट्यासारखं टोचत राहिलं.

पहिली पाच वर्षं तसं बरं चाललं होतं. धाकटा तिकडे गवत कापतो, एवढंच लोकांना ठाऊक होतं, आणि परदेशात गेलं तरी गवत ते गवतच. पण मग जगातल्या फुटबॉलची सगळ्यात मोठी स्पर्धा नेमकी धाकट्याच्याच शहरात भरायचं ठरलं, आणि मास्तरांच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. वाणी विचारायचा, धाकटा काय म्हणतो? न्हावी विचारायचा, धाकट्याला सगळे खेळाडू भेटत असतील ना? ज्या पोरांनी कालपर्यंत मास्तरांना सलाम ठोकला ती पोरं आता धाकट्याकडून कुणाची तरी सही मिळेल का म्हणून मागे लागली. कहर केला तो बायकोनं. तिनं आपल्या फोनवर धाकट्याचा फोटो लावला, पायाखाली हिरवंगार गवत आणि मागे भलंमोठं स्टेडियम. तीस वर्षांत नवऱ्याचा मैदानावरचा एक फोटो तिला काढावासा वाटला नव्हता. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलणार काय? शेवटी त्यांनी फोटोतल्या गवतालाच नावं ठेवली. म्हणाले, फार हिरवं आहे, रंग मारलेला असणार.

अशात धाकट्यानं तिकीट पाठवलं. स्पर्धा चालू असेपर्यंत पंधरा दिवस येऊन राहा, म्हणाला. मास्तर म्हणाले, मैदान कोण बघणार? पण शाळेला सुट्टी लागली होती आणि खेळाच्या सरांनी स्वतः घरी येऊन सांगितलं, की मास्तर, ही संधी सोडली तर तुमच्यासारखे तुम्हीच. बायकोला तिच्या आजारी आईपाशी थांबायचं होतं, तिनं बॅग भरून हातात दिली. अशा रीतीनं सगळ्यांनी मिळून त्यांना विमानात बसवलं.

विमानतळावर धाकटा न्यायला आला होता. सात वर्षांनी भाऊ दिसला म्हणून मास्तरांचा ऊर भरून आला, तो खराच. पण मिठीतून बाहेर पडता पडता त्यांनी त्याचे बूट पाहून घेतले. चांगले होते. धाकट्यानं बॅग उचलली, तीही चाकं असून हातात उचलली, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला, की हा माझा मोठा भाऊ. सांगायचा वेगवेगळ्या बोलींत. बसच्या ड्रायव्हरला एका बोलीत, फुलवालीला दुसऱ्या, इमारतीखालच्या न्हाव्याला तिसऱ्या. मास्तरांना आपली मायबोली सोडून काही येत नव्हतं आणि आजवर त्याचं काही वाटलंही नव्हतं.

त्या शहराचं काय सांगावं. एकेका गल्लीत दहा-दहा देश नांदत होते. धाकट्याच्या इमारतीत चार मजले, आणि चार मजल्यांवर सात मुलखांची माणसं. खालचा न्हावी एकीकडचा, त्याच्याकडे दाढी करायला येणारा सुतार दुसरीकडचा, तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी आणखी कुठल्या. प्रत्येक खिडकीतून वेगळा झेंडा लटकत होता. रस्त्यानं लोकांचे जथे गात चालले होते, एकाचं गाणं दुसऱ्याला कळत नव्हतं आणि तरी सगळे एकमेकांच्या टाळीला टाळी देत होते. न्हाव्याच्या दुकानात भिंतीवर टीव्ही लावला होता. संध्याकाळी सगळी इमारत तिथे जमायची. धाकटा आत शिरला की लोक सरकून त्याला जागा द्यायचे, आणि चेंडू उसळला नाही किंवा कुणी घसरून पडलं की दुकानातली सगळी माणसं टीव्ही सोडून धाकट्याच्या तोंडाकडे बघायची. धाकटा दोन शब्द बोलायचा, लोक माना हलवायचे. मास्तर मागच्या बाकावर बसून हे बघायचे. तीच मान, तोच हात पुढे करून गवताची लव दाखवायची ढब, ही सगळी आपली. आपण दिलेली. आणि मान मिळतोय याला.

तिसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या जिवाला थंडावा मिळाला. धाकट्याची बायको पोळ्या लाटता लाटता सहज म्हणाली, "भाऊजी, यांना अजून मोठ्या स्टेडियमात घेतलेलं नाही बरं का. हे सरावाच्या मैदानावर असतात. तिथे संघ नुसते सकाळचे पळायला येतात."

मास्तरांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले. जेवण झाल्याबरोबर गॅलरीत जाऊन त्यांनी बायकोला फोन लावला आणि आवाजात जमेल तेवढी कणव आणून सांगितलं, की बिचारा स्टेडियमात नाहीच, सरावाच्या मैदानावर आहे, तिथे कुणी बघायलासुद्धा येत नाही, आणि तू तो फोटो लावून बसलीस. बायको म्हणाली, बरं झालं, म्हणजे तुम्हाला आत जाऊन बघता येईल. मास्तरांना हे असं बोलणं कधी आवडलं नाही.

त्यांचं सुख दोन दिवसही टिकलं नाही. मोठ्या स्टेडियममध्ये मैदान सांभाळायला सहा जणांची तुकडी होती, त्यातल्या एकाची कंबर धरली. एक जागा रिकामी झाली. ती सरावाच्या मैदानावरच्या माणसांतून भरायची होती, आणि कुणाला घ्यायचं ते सगळ्या मैदानांवर देखरेख ठेवणारी बाई ठरवणार होती. धाकटा तिला मुकादमीण म्हणायचा. गुरुवारी सकाळी नऊला ती मैदान तपासायला येणार होती. धाकट्याच्या घरात त्या दिवसापासून दुसरा विषय नव्हता. सात वर्षं त्यानं या एका गोष्टीची वाट पाहिली होती. शेवटच्या सामन्याला मध्यंतरात उखडलेलं गवत बसवायला त्या हिरवळीवर पाय ठेवायला मिळाला, तर बाकी काही नको, असं तो म्हणायचा. बायको त्याचा कामाचा सदरा रोज धुऊन इस्त्री करत होती. मास्तर तोंडानं म्हणायचे, होईल रे तुझं. आत मात्र त्यांना वेगळंच दिसायचं. टीव्हीवर दिसेल मग हा. सगळं गाव बघेल. आपली पोरं शाळेच्या पटांगणात बोट दाखवतील.

गुरुवारी धाकटा त्यांना बरोबर घेऊन गेला. फाटकावर त्यांच्या गळ्यात पाहुण्याचं कार्ड अडकवलं. आत पाऊल टाकलं आणि मास्तर थांबले. असं गवत त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. एकसारखं, दाट, पट्ट्यापट्ट्यांनी कापलेलं, आणि रंग मारलेला नव्हता. त्यांनी वाकून दोन पाती चोळून बघितली. त्यांच्या मैदानात उन्हाळ्यात मुरूम वर यायचा, पावसाळ्यात गोलापाशी डबकं साचायचं, आणि त्या असल्या जमिनीवर त्यांनी तीस वर्षं सरळ रेघा मारल्या होत्या. हे मैदान त्यांना मिळालं असतं तर? त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, आणि धाकट्याला वाटलं दादाला आनंद झाला.

आठ वाजले होते. धाकटा रोलर फिरवणाऱ्या एका दांडग्या माणसाशी बोलत उभा होता. हा रोलरवाला कुठल्या तरी तिसऱ्याच मुलखातला, धाकट्याच्याच वर्षी इथे आलेला. धाकट्याकडून तो मराठीतले तीन शब्द शिकला होता, दादा, चहा आणि बास, आणि मास्तरांना पाहिल्या पाहिल्या त्यानं तिन्ही एकदम वापरून टाकले. त्या दोघांना बोलत सोडून मास्तर एकटेच गोलापाशी गेले. रेघ बघितली. इथे फक्की नव्हती, यंत्रातून पांढरा रंग सोडत होते. पण रेघेच्या शेजारी गवतात सुतळीचा माग दिसत होता, म्हणजे सुतळी ताणायची पद्धत तीच होती. सवयीनं त्यांनी रेघेच्या आतल्या कडेला टाच टेकवली आणि चालायला लागले. बारा, तेरा, चौदा. आडवं पाऊल ठेवायच्या आधीच ठिपका पायाखाली गेला.

ते परत गेले. पुन्हा टाच, पुन्हा चौदा पावलं. पुन्हा तेच. ठिपका गोलाच्या जवळ होता, चांगला अर्धी वीत. त्यांनी तिसऱ्यांदा मोजलं, तरी तेच. धाकटा चुकला होता. सात वर्षं परदेशात राहून, एवढं सोन्यासारखं गवत हाताखाली असून, पेनल्टीची खूण याला धड मारता येत नव्हती. मास्तरांच्या मनात उकळ्या फुटल्या.

आता यात एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मुकादमीण यायला अजून पाऊण तास होता. धाकट्याला बाजूला घेऊन कानात सांगितलं असतं, तर मास्तरांच्या फक्कीच्या हिशेबानं ठिपका पुसून नवा मारायला वीस मिनिटं पुरली असती. हे मास्तरांना कळत होतं. तीस वर्षं हेच काम केल्यावर त्यांच्याइतकं ते कुणाला कळणार होतं? ते बाकावर जाऊन बसले, रोलरवाल्यानं दिलेला चहा प्यायले आणि गप्प राहिले. हे त्यांनी जाणूनबुजून केलं, आणि पुढे स्वतःशीही कधी वेगळं सांगितलं नाही.

नऊला मुकादमीण आली. पन्नाशीची, उंच, हातात वही नाही, पेन नाही, नुसते डोळे. तिनं गवत पाहिलं, कोपरे पाहिले, जाळी ओढून पाहिली. प्रत्येक वेळी धाकट्याकडे बघून हूं केलं. शेवटी ती पेनल्टीच्या ठिपक्यापाशी आली, नजर टाकली आणि पुढे निघाली. आता ही बोलणार आणि याची निवड होणार, हे मास्तरांना दिसलं आणि त्यांना राहवेना. ते सरळ मैदानात घुसले. धाकटा म्हणाला, दादा, काय झालं? त्यांनी रोलरवर पडलेली टेप उचलली, तिचं टोक गोलाच्या रेघेच्या आतल्या कडेला धरून धाकट्याच्या हातात दिलं, धर म्हणाले, आणि टेप सोडत ठिपक्यापर्यंत चालत गेले. मग मुकादमिणीला बोटानं आकडा दाखवला. अकराला बारा सेंटिमीटर कमी.

 धाकटा गुडघ्यावर बसून टेपचं टोक धरून होता. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण त्यानं टेप हलवली नाही आणि तोंडही उघडलं नाही. मास्तर मनात म्हणाले, बोल की आता.

मुकादमीण रेघेपाशी गेली. बुटाच्या टोकानं तिनं धाकट्याचा हात हळूच मागे सरकवला, रेघेच्या आतल्या कडेवरून बाहेरच्या कडेवर. रेघ बारा सेंटिमीटर रुंद होती. मास्तरांच्या बोटाखाली टेप पुढे सरकली आणि बरोबर अकरावर थांबली.

रेघ मैदानाचाच भाग असते आणि माप तिच्या बाहेरच्या कडेपासून धरायचं असतं. एवढंच ते होतं. मुकादमिणीनं ते हातवारे करून दाखवलं, तसं दाखवायची गरज नव्हती. रोलरवाला मात्र एकदम मोठ्यानं हसला. तो मास्तरांकडे बोट दाखवून धाकट्याला काहीतरी म्हणाला, मग रेघेची आतली कड दाखवली, मग धाकट्याला, मग एक बोट वर केलं, आणि मग गुडघ्यावर बसून ब्रशनं जमीन घासायचा असा काही अभिनय केला की मुकादमीणही हसली.

"काय म्हणतोय तो?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. उगाच बोलतो," धाकटा म्हणाला.

"सांग."

धाकट्यानं टेप गुंडाळत सांगितलं. पहिल्या आठवड्यात त्यानं खूण अशीच मारली होती, आतल्या कडेपासून. कुठल्याशा संघाच्या गोलकीपरनं तक्रार केली. तेव्हाचा मुकादम त्याला परतच पाठवणार होता. रोलरवाला मध्ये पडला म्हणून वाचला, आणि तो ठिपका धाकट्यानं स्वतः ब्रशनं घासून काढला होता, अर्धा दिवस लागला होता. कुणी शिकवलं असं, म्हणून तिथे सगळ्यांनी विचारलं होतं. कुणी शिकवलं ते त्यानं सांगितलं नव्हतं. आज त्या सगळ्यांना कळलं.

आणि धाकट्याची निवड झाली. मुकादमीण जाता जाता त्याच्या खांद्यावर थाप मारून जे बोलली, ते त्यानं बसमध्ये मास्तरांना सांगितलं, तेही खोदून खोदून विचारल्यावर. ती म्हणाली होती, की चारचौघांत असा हल्ला झाला तरी जो टेप हलवत नाही, तो भरल्या स्टेडियममध्येही हात हलू देणार नाही. म्हणजे ज्याला खाली ओढायला मास्तर मैदानात घुसले होते, त्याला त्यांनीच वर चढवलं होतं.

घरी तर त्याहून वाईट झालं. धाकट्याच्या बायकोनं दारातच विचारलं आणि धाकट्यानं सांगितलं, झालं काम, दादानं तिच्यासमोर माप घेऊन दाखवलं म्हणून झालं. ती मास्तरांच्या पायाच पडली. न्हावी वर आला, सुतार आला, शिवणकामवाल्या दोघी बहिणी आल्या, सगळ्यांनी त्यांचे हात हातात घेऊन हलवले. मास्तर हसत होते आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बूट याचे, बोली याच्या, गवत याचं, स्टेडियम याचं. एवढं सगळं याच्याकडे गेलं तरी एक गोष्ट आपली राहील असं त्यांना वाटत होतं, की आपण थोरले. चूक पोटात घालायची, झाकायची, माफ करायची, ते काम थोरल्याचं. तेही आज यानंच करून टाकलं होतं. त्यांना धाकट्याच्या चांगुलपणाचा इतका हेवा वाटला, जितका स्टेडियमचाही कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा स्टेडियमात जायला निघाला. नवा सदरा, पाठीवर मोठा आकडा. बायको दूध आणायला खाली गेली होती. मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"मी मुद्दाम केलं काल," ते म्हणाले. "वेळ होता. कानात सांगता आलं असतं. तुझी निवड होऊ नये म्हणून थांबलो."

धाकटा बुटाची नाडी बांधत होता.  त्यानं वर बघितलं नाही.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. मग नाडीची गाठ पक्की केली. "मी पण काही साधू नाही, दादा. काल घरी सगळ्यांसमोर तुला चढवलं ना, ते मोठेपणा म्हणून नाही केलं. तुला लागावं म्हणूनच केलं. आणि तुझं माप चुकतंय हे मला सात वर्षं माहीत आहे. तुझं मन दुखू नये म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला म्हणायचो. तसं नव्हतं. तू फोनवर म्हणायचास, माझी खूण कधी बोटभर हलली नाही. मी इकडे हसायचो. बरं वाटायचं मला. तुझ्यापेक्षा एक गोष्ट मला जास्त कळते, एवढं पुरायचं."

मास्तरांच्या छातीवरचं ओझं सरकन उतरलं. पोरगं आपल्यासारखंच निघालं. क्षणभर त्यांना हसूच येणार होतं, आणि तेवढ्यात त्यांना दुसरंच काहीतरी सुचलं आणि ते हसू तिथल्या तिथे विरलं.

"आणि पोरं?" ते म्हणाले.

"कुठली पोरं?"

"आपल्या मैदानावरची. सात वर्षं ती अर्धी वीत लांबून मारतायत. खांबाला लागून चेंडू परत आला की रडायची. मी त्यांना म्हणायचो, नेम चुकला तुझा, सराव कर. तू इथे बसून हसत होतास तेव्हा."

 मास्तर बोलत राहिले, पुष्कळ बोलले, लहानपणी नापास झाल्यावर बोलले होते तसे, आणि धाकटा नव्या सदऱ्यात मान खाली घालून उभा राहिला. शेवटी ते म्हणाले, "आधीची तेवीस वर्षं माझ्या अंगावर. पुढची सात तुझ्या. ही वाटणी मान्य आहे?"

"मान्य आहे, दादा."

"मग जा. उशीर करू नकोस."

तो गेल्यावर मास्तर गॅलरीत आले. खाली रस्त्यावर पिवळे सदरे घातलेल्या लोकांचा जथा गात चालला होता आणि धाकटा त्यांच्यातून वाट काढत बसथांब्याकडे धावत होता. त्याच्या पाठीवरचा आकडा वळणापर्यंत दिसला. मास्तरांना तो सदरा हवा होता. या वयात, या गुडघ्यांनी, तरीही हवा होता.

त्यांनी खेळाच्या सरांना फोन लावला. सोमवारपासून शाळेत सुट्टीतलं शिबिर सुरू होणार होतं. मास्तरांनी सांगितलं, की पेनल्टीची खूण पुसा आणि रेघेच्या बाहेरच्या कडेपासून अकरा मीटर मोजून नवी मारा, आधीची चूक आहे, तीस वर्षं चूक होती. सर आधी हसले, मग हसायचे थांबले. मास्तर, तुमचं माप चुकलं, असं ते दोन वेळा म्हणाले, आणि मग विचारलं, "पण चूक काढली कुणी?"

मुकादमिणीनं, असं म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. मीच, असं म्हटलं असतं तर इतक्या लांबून तपासायला कुणी येणार नव्हतं. आणि तिसरं म्हटलं, तर वाण्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्या गावात संध्याकाळपर्यंत पसरणार होतं.

"धाकट्यानं," मास्तर म्हणाले. "सात वर्षांपूर्वीच काढली होती. माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं."

सर पलीकडून धाकट्याचं कौतुक करायला लागले. मास्तरांनी ते सगळं ऐकून घेतलं, फोन मध्ये ठेवला नाही; आणि ऐकताना पोटात दुखत होतं, ते शेवटच्या शब्दापर्यंत दुखतच राहिलं.